पाठमोरी पलटण

कुंडलिक ओव्हाळ पंधरा वर्षं फौजेत होता आणि त्या पंधरा वर्षांत त्याने चांदमारीचं मैदान सोडलं तर कुठेही गोळी झाडली नाही. भरतीच्या वेळी साहेबाने विचारलं होतं, काय येतं तुला? कुंडलिकने खरं ते सांगितलं, की गावातल्या शाळेच्या भिंतीवर त्याने भारताचा नकाशा काढलाय आणि तो मास्तरांनी अजून पुसलेला नाही. तेवढ्या बोलण्यावर त्याच्या हातात ब्रश आला तो कायमचाच. जीपचे नंबर, छावणीतले बाण, ‘हळू चालवा’च्या पाट्या, साहेबांच्या दारावरची नावं, सगळं त्याच्याकडे. एकाहत्तरच्या लढाईत त्याची पलटण सरहद्दीवरच्या एका टेकाडावर चालून गेली, तेव्हा कुंडलिक मागच्या तळावर ब्लॅकआउटसाठी गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करत बसला होता. ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. लढाईत काय केलंत, असं कुणी विचारलंच तर तो सरळ सांगायचा, “दिवे रंगवले.”

अशा माणसाला पुढे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सगळे ‘लढाईवाले पेंटर’ म्हणून ओळखू लागले.

शहात्तर साली फौजेतून सुटून तो घाटकोपरला आला. भटवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर त्याच्या सासऱ्याने धरलेली एक खोली होती. बायको द्रौपदी महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती. चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. कुंडलिकने खाली एलबीएस रोडवर टायरच्या दुकानाला लागून पत्र्याची टपरी टाकली आणि ट्रकचे नंबर, दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. अक्षर असं की वाण्याच्या दुकानावरचं ‘उधारी बंद’सुद्धा वाचणाऱ्याला गोड वाटावं.

एक्याऐंशीच्या भीमजयंतीला वस्तीतली पोरं त्याच्याकडे आली. स्टेजच्या मागे त्यांना यंदा मोठा पडदा हवा होता, कोरेगावच्या लढाईचा. ओव्हाळकाका फौजेत होते, तेव्हा लढाई त्यांनीच काढायची, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलेलं. कुंडलिकला नाही म्हणता येत नसे. त्याने मांजरपाट आणला, सरस आणि खडूचं अस्तर दिलं, आणि समाजमंदिराच्या भिंतीवर पडदा ताणून कामाला लागला. शिपाई झकास उतरले. नदी उतरली, धूर उतरला. अडलं ते घोड्यांपाशी.

शेजारच्या चाळीतल्या वनमालाबाई, मूळच्या मालवणकडच्या, पापड वाळत घालायला जाता जाता दारात थबकल्या. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी अगदी मायेने विचारलं, “ओव्हाळानू, ह्यो घोडो हसता कित्याक?”

घोडा खरंच हसत होता. बाकीचेही पाय नीट उचलून, माना वाकवून, रांगेत चालले होते. कारण उघड होतं. कुंडलिकने आयुष्यात जवळून पाहिलेला घोडा म्हणजे रतनचा बादल. रतन घोडेवाला खाली चिरागनगरकडे राहायचा आणि बादलला लग्नाच्या वराती करायला घेऊन जायचा. कुंडलिक त्याच्याकडे रोज सकाळी जाऊन बसायचा, बादलचे कान, गुडघे, शेपूट कागदावर उतरवायचा. पण बादल पडला वरातीचा घोडा. बँडच्या तालावर पाय टाकायची त्याला सवय. मग पडद्यावरची अख्खी घोडेस्वार फौज नवरीच्या मांडवाकडे निघाल्यासारखी दिसली तर त्यात नवल काय?

त्या वर्षी पडदा तसाच लागला. लोकांनी कौतुक केलं, पण कुंडलिकला ते हसणं खुपत राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याची सोय झाली. टपरीसमोरून एका गुजराती घरची वरात चालली होती. बादल सजूनधजून, वर नवरदेव, हातात नारळ. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि ती उसळून थेट बादलच्या पायात आली. इतकी वर्षं सभ्यपणे चाललेलं ते जनावर मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहिलं. नवरदेवाने मानेला मिठी मारली, पगडी गटाराकडे गेली, बँडवाले ट्रंपेट घेऊन पळाले. रतन लगाम धरून ओरडत होता. सगळे धावले. कुंडलिक तेवढा धावला नाही. तो हातातला ब्रश तसाच धरून बादलच्या मागच्या पायांकडे बघत राहिला, मांडीचा स्नायू कुठे फुगतो, नाकपुडी कशी उलटते, डोळ्यातला पांढरा भाग किती दिसतो. नवरदेवाला सुखरूप उतरवल्यावर त्याच्या मामाने चिडून विचारलं, उभे राहून काय बघता? कुंडलिकचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने खडू उचलला आणि टायरच्या दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर दोन पायांवर उभा घोडा काढून टाकला. तो इतका जिवंत होता की दुकानाच्या मालकाने ते शटर कित्येक महिने धुऊ दिलं नाही.

तिथून त्याचं नाव झालं. वनमालाबाईंच्या चाळीतल्या पोरांनी शिवजयंतीसाठी खिंडीतली लढाई मागितली. मग भांडुपचं मंडळ आलं, मग अंधेरीचं. दहिसरच्या मंडळाने त्याचा पडदा नेला तो दरवर्षी लावायला ठेवूनच घेतला. कुंडलिक सगळ्यांच्या लढाया काढायचा. घोडे उधळायचे, भाले लवायचे, आकाश भगवं-तांबडं पेटायचं. एक गोष्ट मात्र त्याच्या हातून होईना. रक्त म्हटलं की तो गेरूचा एक फटकारा मारून पुढे सरकायचा, आणि पडलेले शिपाई दुपारी जेवून आडवे झाल्यासारखे दिसायचे.

“मेलेत का झोपलेत?” द्रौपदी विचारायची.

“दमलेत,” तो म्हणायचा. “उठतील.”

शहाऐंशीचा पावसाळा सरला आणि सुभेदार भाऊराव त्याच्या टपरीत आले. भाऊराव त्याच पलटणीतले, टेकाडावरच्या हल्ल्यात एका तुकडीचे प्रमुख. आता मुलुंडच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर साहेब होते. मिशा अजून तशाच, बूट अजून तसेच चकचकीत. दर डिसेंबरात उपनगरांतल्या जुन्या जवानांचा मुलुंडच्या एका सभागृहात मेळावा व्हायचा. यंदा लढाईला पंधरा वर्षं होणार, तर स्टेजवर आपल्या टेकाडाचं मोठं चित्र हवं, असं भाऊरावांनी सांगितलं. विनंती केल्यासारखं नाही, हुकूम दिल्यासारखं.

कुंडलिकने मान डोलावली आणि मग म्हणाला, “साहेब, मी तर मागं होतो. मला काय दिसलं?”

“आम्ही कशाला आहोत?” भाऊराव म्हणाले. “आम्ही सांगतो, तू काढ.”

तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

समाजमंदिरात पडदा ताणला गेला आणि दर रविवारी जुने जवान यायला लागले. दहिसरहून माणिक यायचा, तो एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असायचा. पवईच्या इंजिनिअरिंग संस्थेच्या फाटकावरचे दोघे यायचे. आणखी कुणी कुणी. पहिल्या रविवारी सगळ्यांनी गळाभेटी घेतल्या. दुसऱ्या रविवारी वाद सुरू झाले. नाला डाव्या हाताला होता का उजव्या? पहाट झाली होती का अजून अंधारच होता? भाऊराव हातात काठी घेऊन बंदुकीसारखी धरायचे आणि कुंडलिकसमोर धावून दाखवायचे. सवयीने कुंडलिकच्या हातून कोपऱ्यात एक घोडा निघाला होता, तो बघून भाऊरावांनी विचारलं की एकाहत्तर साली घोडा कुठला. कुंडलिकने मुकाट्याने त्याचे कान लांब केले आणि पाठीवर पाण्याचे डबे चढवले. खेचरं तळावर होतीच, त्यामुळे तेवढं सगळ्यांना मान्य झालं.

खरा प्रश्न वेगळाच होता. टेकाडावर पहिल्यांदा पोचलं कोण? भाऊरावांच्या मते तेच, कारण हुकूम त्यांनी दिला आणि दिल्याबरोबर धावले. माणिक म्हणायचा, पहिला हातगोळा त्याने टाकला, मग पहिला तो नाही तर कोण? पवईवाले दोघे चहा पिता पिता हळूच म्हणाले की पुढे गेला होता तो अंबादास. तो तर अजून आलेलाच नाही.

कुंडलिक एका रविवारी हार्बर लाईनवर मानखुर्दला जाऊन अंबादासला शोधून आला. अंबादास महापालिकेच्या बागेत माळी होता. पोट सुटलेलं, केस गेलेले, चेहरा हसरा. त्याने कुंडलिकला जय भीम केला, बाकावर बसवलं आणि विचारायच्या आधीच सगळं सांगायला लागला. धूर इतका होता की त्याला दिशाच कळेना. सगळे आपल्या पुढे गेले आणि आपण मागे राहिलो, असं वाटून तो जिवाच्या आकांताने पळत सुटला. पळता पळता टेकाडावर पोचला, बघतो तर पुढे आपलं कुणीच नाही. मागे वळून बघितलं तर सगळे खालून येतायत.

“पंधरा वर्षं सांगतोय,” अंबादास म्हणाला. “सगळे हसतात. तू मला पुढंच काढ. चुकून का होईना, गेलो होतो ना रे पुढं.”

पुढच्या रविवारी अंबादासही घाटकोपरला आला. मग काय विचारता? भाऊरावांची काठी, माणिकचा आवाज, अंबादासचं हसू, सगळं समाजमंदिरात घुमायला लागलं. कुंडलिकने भाऊरावांचा चेहरा पुढे काढला की माणिक गप्प व्हायचा, माणिकला पुढे सरकवलं की भाऊरावांच्या मिशा थरथरायच्या. तोवर पडद्यावर पहिल्या रांगेत इतकी तोंडं जमली होती की टेकाड दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी तिथे बालवाडी भरायची, तर मुलंसुद्धा विचारायला लागली की हे सगळे फोटो काढायला उभे राहिलेत का.

द्रौपदी चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली, पडद्याकडे बघितलं, माणसांकडे बघितलं.

“सगळ्यांनाच पुढं उभं राहायचंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “पुढं एवढी जागा आणणार कुठनं तुम्ही?”

सगळे हसले, पण कुंडलिकच्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. दोन-तीन दिवस त्याने ब्रशला हात लावला नाही. टपरीत ट्रकच्या नंबरातला एक आकडा चुकला, तोही ड्रायव्हरने दाखवल्यावर त्याला कळला. आणि मग एका दुपारी, टपरीपुढून एक लग्नाचा बँड गणवेशात रांगेने जात असताना, पाठमोऱ्या माणसांकडे बघता बघता त्याला ती दुपार आठवली.

तळावर तो दिव्याला काळा रंग लावत उकिडवा बसला होता आणि पलटण त्याच्या शेजारून निघाली होती. कुणीतरी जाता जाता म्हणालं होतं, पेंटर, माझ्या टकलालाही जरा काळा मार. सगळे हसले होते. मग ते पुढे गेले आणि कुंडलिक उठून उभा राहून बघत राहिला, धूळ खाली बसेपर्यंत. त्याने लढाई बघितली नव्हती, पण लढायला जाणारी प्रत्येक पाठ त्याने बघितली होती. भाऊराव डावा खांदा पाडून चालत होते. माणिकच्या पाठपिशवीतून घोंगडीचं टोक लोंबत होतं. अंबादासने पाण्याची बाटली उलट्या बाजूला अडकवली होती आणि ती दर पावलाला त्याच्या मांडीवर आपटत होती. हे सगळं इतकं स्वच्छ आठवलं की कुंडलिक टपरी उघडीच टाकून वर समाजमंदिरात गेला. त्याने पांढऱ्या रंगाचा डबा फोडला आणि पुढची सगळी तोंडं पुसून टाकली.

रविवारी जवान आले तेव्हा पडद्यावर टेकाड होतं, पहाटेचं राखाडी-गुलाबी आकाश होतं, धूर होता, आणि त्या दिशेने निघालेली अख्खी पलटण होती. पाठमोरी. एकाचंही तोंड दिसत नव्हतं.

सगळे पडद्याजवळ सरकले. मग भाऊरावांनी विचारलं, “तोंडं कुठायत?”

“साहेब, तोंडं मी बघितलीच नव्हती,” कुंडलिक म्हणाला. “मी मागं होतो. मला जेवढं दिसलं तेवढं काढलंय.”

“आणि मी कुठाय?”

कुंडलिकने टेकाडाच्या माथ्याजवळ बोट ठेवलं. तिथे बोटभर उंचीचा एक माणूस होता.

“एवढासा?”

“पुढं आहात, साहेब. पुढं गेलेला लांब दिसतो. लांबचा माणूस लहान दिसतो.”

भाऊरावांनी खाली बघितलं. सगळ्यात मागचा माणूस चांगला पुरुषभर उंच, त्याच्या पट्ट्यावरची शिवणसुद्धा दिसत होती, आणि पाठपिशवीतून घोंगडीचं टोक लोंबत होतं. माणिक त्या घोंगडीकडे बघत गालातल्या गालात हसत होता. भाऊराव काठी उचलून निघून गेले. कुंडलिकचं तोंड उतरलं. इतकी मेहनत केली आणि साहेबच रुसले, म्हणजे वाट लागली, असं त्याला वाटलं.

ते बुधवारी परत आले, एकटेच, कारखान्याच्या गणवेशात. टपरीत स्टुलावर बसले, चहा घेतला, मुलुंडच्या हवेबद्दल बोलले. मग घसा खाकरून म्हणाले की त्यांनी विचार केलाय. प्रमुखाने कसं, सगळ्यांना पुढे घालावं आणि मागून सांभाळावं. तुकडी सांभाळणारा माणूस खरं तर मागेच असतो. तसं काढलं तर चुकीचं होणार नाही.

“म्हणजे मोठे काढू?” कुंडलिकने विचारलं.

“मागं काढ,” भाऊराव म्हणाले. “मग जेवढा होईन तेवढा होईन.”

कुंडलिकने हसू दाबलं आणि मान डोलावली. माणिकला एक पाऊल पुढे सरकवून त्याने भाऊरावांना अगदी खालच्या कडेपाशी उभं केलं, डाव्या खांद्यासकट. माथ्यावरची जागा रिकामी झाली. तिथे त्याने अंबादासला चढवलं, बोटभर उंचीचा, उलट्या बाजूला बाटली लटकलेला. अंबादासला निरोप धाडला तर त्याचं उत्तर आलं की पुढे आहे ना, मग मुंगीएवढा काढलास तरी झकास.

मेळाव्याच्या दिवशी टेम्पोतून पडदा मुलुंडला गेला. द्रौपदीने रजा काढली होती आणि ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. जवान सहकुटुंब आले होते. पडदा वर गेला आणि सभागृहात कुजबूज झाली, कारण लोकांना चेहरे बघायचे होते आणि चेहरे नव्हतेच. पहिल्या रांगेतल्या दोघांनी माना वेळावल्या. कुंडलिक दाराशी उभा होता, वेळ पडली तर निसटता यावं अशा बेताने.

तेवढ्यात भाऊरावांच्या पत्नी सोनूबाई उठल्या. बाई कमी बोलणारी. चार माणसांत नवऱ्याचं नाव निघालं तरी पदर सावरणारी. त्या सरळ स्टेजपाशी गेल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, “हे आमचे. डावा खांदा बघा. लग्नापासून सांगतेय, सरळ चाला म्हणून.”

सभागृह हसून लोटपोट झालं. भाऊरावही हसले, आणि बसल्या जागी त्यांचा खांदा आपोआप सरळ झाला. मग बायकांना राहवेना. एकेक उठून पुढे यायला लागली. माणिकच्या बायकोने घोंगडीचं टोक ओळखलं आणि ती घोंगडी अजून घरी आहे, असं सगळ्यांना सांगितलं. पवईवाल्यांपैकी एकाची बायको नवऱ्याची मान ओळखून लाजली. अंबादासच्या बायकोला नजर कमी होती. तिला दोघींनी धरून अगदी पडद्याजवळ नेलं आणि माथ्यावरचा बोटभर माणूस दाखवला. तिने ती बाटली बघितली मात्र, आणि तिचा हात तोंडावर गेला.

“सगळ्यांच्या पुढं हायेत की,” ती म्हणाली. “म्हणजे खरंच सांगत हुते.”

अंबादास मागे उभा होता. तो हसला नाही. डोळे पुसायला त्याला टोपी काढावी लागली. शेजारी भाऊराव होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जेवणं सुरू होईपर्यंत काढला नाही.

जेवताना सोनूबाईंनी कुंडलिकला विचारलं की तुम्ही कुठे आहात चित्रात. त्याने सांगितलं की तो चित्रात नाही. हे त्यांना पटलं नाही. पुन्हा पुन्हा विचारायला लागल्या, तेव्हा द्रौपदी मध्ये पडली आणि म्हणाली, “हे कशाला असतील तिथं? ह्यांनीच तर बघितलं सगळं.” कुंडलिकने आमटीच्या वाटीत मान घातली. फौजेतल्या नोकरीबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि बोलली ती बायको, म्हणजे परत विचारायचीही सोय नाही.

मेळावा झाला, पडदा सभागृहातच राहिला. रविवार मात्र संपले नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी कुंडलिक समाजमंदिरात विक्रोळीच्या एका मंडळासाठी किल्ल्याच्या वेढ्याचा पडदा ताणत होता, तर दारात माणिक उभा. दहिसरहून आला होता, म्हणाला, सहज आलो. थोड्या वेळाने पवईवाले आले. मग अंबादास, हातात मोगऱ्याचं रोप घेऊन, ते द्रौपदीसाठी. बसून बसून काय करणार, म्हणून माणिकने शिडी धरली. अंबादासने विचारलं, आकाश रंगवायला फार अक्कल लागते का? कुंडलिकने त्याच्या हातात मोठा ब्रश दिला आणि निळ्याचा डबा पुढे सरकवला. अंबादासने निम्मं आकाश पडद्यावर आणि निम्मं शर्टावर घेतलं, पण काम वाईट केलं नाही.

भाऊराव सगळ्यांच्या नंतर आले. त्यांनी रंगाला हात लावला नाही. काठी टेकवून मागे उभे राहिले आणि तटावरून दोर कुठे सोडायचा, तोफ कुठे असायला हवी, ते सांगू लागले. कुंडलिक त्यातलं निम्मं ऐकायचा. वनमालाबाई पापड घेऊन जाताना दारात डोकावल्या आणि इतकी म्हातारी माणसं रंगात माखलेली बघून म्हणाल्या की यंदा शिमगो लवकर इलो काय. द्रौपदीने आतून ओरडून सगळ्यांना विचारलं, चहात साखर किती, आणि उत्तराची वाट न बघता नेहमीइतकी टाकली.